आमच्या जेवणाच्या टेबलावरची गटचर्चा

माझी शाळा चौथीपर्यंत. जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात उभा जन्म गेला, पण माझं म्हणणं मी कधी खाली पडू दिलं नाही. मग समोर फोरमन असो की घरचं माणूस. त्यामुळे एका मंत्रालयाने आमच्या मुलीला मोठ्या हुद्द्यासाठी नापास केलं, तेव्हा मी आधी मंत्रालयालाच शिव्या घातल्या.

लेखी परीक्षा तिने सहज काढली होती. अडली गटचर्चेत. पाच-सहा उमेदवारांना एका टेबलाशी बसवून विषय देतात आणि परीक्षक बाजूला बसून नुसते बघतात. कोण ऐकतो, कोण चर्चा भरकटू देत नाही. नंतर त्यांनी तिला सांगितलं, "वयाने मोठा माणूस बोलू लागला की तुम्ही गप्प होता."

"हे कुठनं शिकलीस?" मी विचारलं.

मुलगी नेहमी जर्मनमध्येच उत्तर देते. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "घरातून, बाबा."

परीक्षेला आणखी एकदाच बसता येणार होतं. मी म्हटलं, "सराव माझ्यावर कर."

रविवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. विषय काय, तर आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, वेगाला मर्यादा हवी का. गाड्या बनवणाऱ्याला हे विचारायचं! मी जो सुटलो तो सुटलोच. ती तोंड उघडायची, मी हात वर करायचो, ती गप्प. बरेच रविवार असेच गेले.

"अहो, तिला शिकवताय की गप्प बसवताय?" आमची ही म्हणाली.

"मी नरम पडलो तर ती शिकणार कशी?"

मग एका रविवारी मी ब्रेकवर बोलत असताना पोरीने टेबलावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "बाबा, गाडी मजबूत असते, हे तुमचं सांगून झालं. आता आईचं ऐकू या."

माझे कान तापले. उठून जावं असं वाटलं. पण तिने नजर खाली घातली नाही, म्हणून बसलो.

ही म्हणाली, "इतकी वर्षं मी यांच्या शेजारच्या सीटवर बसतेय. मर्यादा हवी. यांना तर वेगळी, आणखी कमी." दोघी खो खो हसल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर, हसून घ्या," मी म्हटलं. मनात मात्र म्हटलं, आता ही पोरगी कुणालाही थांबवेल.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, निवड झाली! पण सरकारी डॉक्टरची तपासणी राहिलीय, नेमणुकीचं पत्रही यायचंय. तोवर कुणाला सांगू नका हं. इथे आधी अभिनंदन घेत नाहीत, अपशकुन मानतात, माहितीये ना?"

"हो, हो, माहितीये."

"तुमचा आवाज असा घुमतोय का?"

मी जिन्यात उभा होतो. शिरा मी दुपारीच करायला लावला होता. वरच्या दोन मजल्यांवर वाटून झाला होता आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई दारात उभ्या राहून दुसऱ्यांदा वाटी पुढे करत होत्या.