प्लाझ्मा वितळेपर्यंत

आईच्या हृदयातली झडप बदलली तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची आणि ते किती पातळ झालंय याची तपासणी दर महिन्याला करायची, हे ठरलेलं. आई सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांच्या घरकुलात एकटी राहते. मी सोलापुरात एका शाळेत क्लार्क. तिला तपासणीला न्यायचं काम माझं. त्या उन्हाळ्यात मी ते तीन महिने टाळलं. कारण काही मोठं नव्हतं. आधी निकालाची कामं, मग सासुरवाडी, मग नुसताच कंटाळा. ती फोनवर विचारायची, "येतूस का रं सोमवारी?" मी म्हणायचो, "पुढच्या सोमवारी नक्की."

एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. आईच्या नाकातून रक्त येत होतं आणि तासाभरानंतरही थांबत नव्हतं. मी पोचलो तेव्हा ती उंबऱ्यात पुढं वाकून बसली होती. मांडीवरचा टॉवेल भिजून जड झालेला. मला बघून म्हणाली, "लई न्हाय रं. उन्हानं आलं आसंल."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालंय. इंजेक्शन दिलंय, पण त्याचा गुण यायला वेळ लागतो. रक्त गोठवणारे घटक प्लाझ्मात असतात, ते लगेच चढवायला हवेत. नमुना आणि चिठ्ठी घेऊन मी रक्तपेढीत धावलो.

खिडकीतल्या पन्नाशीच्या बाईंनी रक्तगट जुळवला, फ्रीझरमधून दगडासारख्या टणक, पिवळसर पिशव्या काढल्या आणि पाण्याच्या यंत्रात सोडल्या. "अर्धा तास बसा, दादा."

"उकळत्या पाण्यात टाका की. तिकडं रक्त वाहतंय."

"जास्त तापवलं तर त्यातलं औषधच मरतं. अंगाच्या उष्णतेएवढंच पाणी लागतं."

"तुमची आई असती तर अशाच निवांत बसला असतात का?"

बाकावरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. बाई पाण्यातल्या पिशव्या हलक्या हातानं उलटत राहिल्या.

प्लाझ्मा चढायला लागला आणि दुपारपर्यंत रक्त थांबत आलं. डॉक्टर फाइल घेऊन आले.

"मावशी, शेवटची तपासणी कधी केली होती?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडणार तेवढ्यात, नाकात बोळे असलेली आई म्हणाली, "माजंच चुकलं, सायेब. पोरगा दर म्हैन्याला बोलवतोय. मीच म्हंते, कशाला उगं."

डॉक्टर तिला रागावले. "मुलगा एवढं करतोय आणि तुम्ही हयगय करता? जीव गेला असता." ती मान डोलवत राहिली. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीही जरा दटावत जा त्यांना."

मी "हो" म्हणालो.

पाच दिवसांनी आईला घरी सोडलं. निघण्यापूर्वी मी रक्तपेढीत गेलो. "त्या दिवशी मी वाटेल ते बोललो," असं सांगितलं. बाईंनी क्षणभर निरखून पाहिलं. त्यांना मी आठवत नव्हतो.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग झालं."

परतताना वाटेत डॉक्टरांची खोली होती. दार उघडं होतं, ते एकटेच बसले होते. मी पाय न थांबवता पुढं गेलो.

रिक्षात मी आईला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"चार मान्सांत तुला बोलनं खाऊ देऊ व्हय?" ती म्हणाली आणि सकाळी मी काही खाल्लं का ते विचारू लागली.

आता मी एकही महिना चुकवत नाही. तपासणीच्या रांगेत शेजारच्या बायकांना ती सांगते, "माजा ल्योक पैल्यापासनं असाच हाय. लई जपतो मला." बायका माझ्याकडं कौतुकानं बघतात. मी मोबाइल काढून त्यात काहीतरी वाचत असल्यासारखं करतो.