गोधड्यांचं पान बघणारी माणसं

१४ नोव्हेंबर १९९९. रविवारी इंदापूरहून बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले आणि इंटरनेटवरच्या माझ्या पानावर गोधड्यांचे नवे फोटो चढवत बसले. महिन्याभरात शंभर लोकांनीही पान बघितलं नाही, तर हा नाद सोडेन, असं मी घरी सांगून ठेवलं होतं. पानाच्या तळाशी भेटींचा आकडा होता, चारशे बारा.

फोटो चढायला वेळ लागे. तेवढ्यात ती चारशे बारा माणसं मला दिसायला लागली. कुठल्या कुठल्या गावांत बसून ती माझ्या ठिगळांवरून बोट फिरवत होती. कुणाकडे पहाट होती, कुणाकडे उन्हं उतरली होती.

शेजारच्या मुलीनं तिचं मशीन चालू केलं. पडद्यावर माझंच पान आलं आणि आकडा चारशे तेरा झाला.

"अगं, तू कशाला उघडलंस?"

"मी कुठं काकू? समद्या मशीनवर आपोआप उघडतंय. मॅडमनी कौतुकानं लावलंय. आमी रोज तुमच्या गोधड्या बघूनच टायपिंगला बसतो!"

दहा मशीन, रोज दोन तुकड्या. माझी माणसं विरून गेली.

मग पानावरची अभिप्रायाची वही उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली एकच नोंद होती, नागपूरच्या एका बाईंची. 'कोपरा कसा दुमडता? माझा फुगतो.'

शंभर नाही, पण ही एक खरी होती. मॅडमना मशीनवरचं माझं पान काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गोधडी पसरून मी नुसत्या कोपऱ्यांचे फोटो काढले.