बाराजणांच्या हॉलमधली शेवटची खुर्ची

किस्से ठेवायला कपाट लागत नाही, ऐकणारा लागतो. आमच्या हॉलमध्ये बाराजण होतो तेव्हा एकाने सुरू केलेला किस्सा दुसरा संपवायचा आणि तिसरा त्यात मीठमसाला घालायचा. आता तिथे मी एकटीच बसते, त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडेच साचलेत. आज तुम्ही तावडीत सापडलात, तर ऐका.

आमचं काम बियाणं-खतांच्या एका कंपनीच्या हेल्पलाइनचं. ऑफिस जळगावात, मेहरूणच्या बाजूला. आमच्यात सगळ्यात जुन्या कल्पनाअक्का, धुळ्याच्या. नवीन माणूस आला की त्या एकच गोष्ट शिकवायच्या: आधी 'पाणी भरलं का, जेवण झालं का' विचारायचं, मग अडचण. विचारपूस झाली की शेतकरी नीट सांगतो.

धुळ्याकडच्या एका खेड्यातले नाना उलट आमचीच विचारपूस करायचे. कपाशीचं काहीतरी निमित्त काढून दुपारी फोन करायचे, मलाच मागून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "बेटा, जेवनी का तू?" मी 'हो नाना' म्हटल्याशिवाय ते फोन ठेवत नसत. अक्का म्हणायच्या, हिला दोन बाप आहेत, एक पाचोऱ्याला आणि एक लाइनवर!

*

एकदा पुण्याहून मोठे साहेब आले. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत वाक्य होतं, 'माणूस थकतो, एआय थकत नाही.' तुम्ही दिवसभरात घेता तेवढे फोन ते चहा निवायच्या आत घेईल, असंही म्हणाले. चहा आम्हीच दिलेला होता. तेवढ्यात त्यांच्या लॅपटॉपला अपडेट आठवलं आणि स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं. दहा मिनिटं झाली तरी तेच.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "साहेब, टेकू द्या त्याला जरा. सकाळपासून उभा आहे."

*

मग माझं रेकॉर्डिंग झालं. ट्रेनिंगसाठी आवाज हवा, एवढंच सांगितलं होतं. दोन आठवडे काचेच्या केबिनमध्ये बसून मी वाक्यं वाचली. रोज चांगला ड्रेस घालून जायचे, कपडे रेकॉर्ड होत नाहीत हे माहीत असूनही. शेवटी कंपनीचं नाव असलेला एक मग मिळाला. महिन्याभराने एआय सुरू झालं आणि हेल्पलाइनवर माझाच आवाज!

जाब विचारायला गेले तर साहेबांनी माझ्या सहीचा कागद पुढे केला. वर म्हणाले, कंपनीने तुम्हाला अमर केलं. मात्र 'जेवण झालं का' हे वाक्य त्यांनी काढून टाकलं होतं, वेळ खातं म्हणून. असा संताप आला की तो मग आपटून फोडावा. फोडला नाही. पेनं ठेवायला बरा आहे.

*

आपल्याकडे मिस्ड कॉल म्हणजे 'मी इकडे आहे, तुम्ही फोन करा.' इतकी वर्षं शेतकरी एक रिंग द्यायचा, आम्ही उलटा फोन लावायचो. एआयला ही पद्धत कोण सांगणार? त्याने सगळ्या मिस्ड कॉलपुढे 'काही अडचण नाही' अशी नोंद केली. महिन्याच्या शेवटी तक्रारी शून्य! साहेबांनी केक मागवला.

केक कापत असतानाच पाचोऱ्याकडचे एक शेतकरी भाऊ दारात उभे राहिले, हातात मुळासकट उपटलेलं कपाशीचं झाड. ते त्यांनी केकशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "अकरा वेळा तक्रार करी, आते बारावी शे."

*

तरीही माणसं कमी व्हायची ती झालीच. अक्कांना एकोणीस वर्षांनी निरोपाचं पत्र आलं. पत्र एआयनेच लिहिलेलं, भाषा अगदी गोड. वर मायना होता, 'प्रिय कर्मचाऱ्याचे नाव'. नाव भरायचं राहून गेलं होतं.

अक्कांनी माझ्याकडून पेन घेतलं, ते खोडून 'कल्पना' लिहिलं, पत्राची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवलं. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. धुळ्याची गाडी लागलेलीच होती.

*

आता मी आणि अकरा रिकाम्या खुर्च्या. एक वाजला की हात आपोआप डब्याकडे जातो, मग आठवतं की भाजी वाटून घ्यायला कुणी नाही, आणि डबा तसाच राहतो. खरं सांगते, फार एकटं वाटतं. फोनमधले शेतकरी सोडले तर दिवसभर एकच आवाज ऐकू येतो, तोही माझाच.

माझं काम म्हणजे एआयने घेतलेले फोन ऐकायचे. प्रत्येक फोनखाली प्रश्न असतो, 'ग्राहकाचे समाधान झाले का?' हो किंवा नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, सलग आठवडाभर एकही 'नाही' आलं नाही की माझं काम संपलं. खोटं 'नाही' लिहून खुर्ची वाचवता आली असती, पण ते काही मला जमलं नाही.

*

गेल्या आठवड्यात सोमवारपासून सगळे 'हो' आले. शनिवारी शेवटचा फोन ऐकायचा राहिला होता, तो नानांचा निघाला. कपाशीचं विचारून झालं, एआयने उत्तर बरोबर दिलं. मग नाना म्हणाले, "बेटा, जेवनी का तू?"

माझा आवाज म्हणाला, "क्षमस्व, आपला प्रश्न समजला नाही."

नानांनी तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर. मग म्हणाले, "आवाज तुन्हाच शे, पन तू नही शे वाटस." आणि फोन ठेवला.

'नाही' लिहायला हे पुरेसं होतं. अगदी खरं 'नाही'. खुर्ची वाचली असती.

मी स्क्रीनवरचा नंबर पाहून माझ्या मोबाइलवरून नानांना एक मिस्ड कॉल दिला आणि डबा उघडला. पहिला घास तोंडात असतानाच फोन वाजला.

"कोन शे?"

"मी, नाना. हेल्पलाइनवाली."

"जेवनी का तू?"

"हो नाना. जेवतेच आहे."

"मंग ठीक शे," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी हात धुऊन आले आणि 'हो'वर टिक केली.