रोह्याच्या भाऊजींची बीअर ठरेना

उभ्या रायगड जिल्ह्यात साधी गोष्ट अवघड करून दाखवणारा माणूस शोधायला निघालात, तर पेणहून सुटलेली गाडी थेट रोह्याला आमच्या धाकट्या दिरांच्या दारात थांबेल. कंपनीतून रिटायर झाल्यावर बाकीचे लोक देवळात बसतात, हे घरी बीअर करायला बसले. मोबाईलवर परदेशी दाढीवाले बघून शिकले. मोरीला ‘प्लांट’ म्हणतात आणि आत शिरताना सेफ्टी शूज घालतात. जाऊबाईंना आंघोळीला जायचं तर आधी विचारावं लागतं, तुमची शिफ्ट कधी सुटणार म्हणून.

ही बीअर वर्षातून एकदाच, पोपटीसाठी. पेणजवळ गडब गावाला आमचं शेत, भात निघाल्यावर त्यात वाल. थंडीत शेंगा भरल्या की सगळी भावकी जमायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. याच्याबरोबर काय प्यावं हा प्रश्न आमच्या सात पिढ्यांना पडला नाही. भाऊजींना पडतो. वालाच्या कडसरपणाला गव्हाची बीअर बरी की धुराच्या वासाला काळी, यावर दिवाळीपासून वही भरतात. एका वर्षी काळी केली. आमच्या ह्यांनी ग्लास हुंगून विचारलं, “ही प्यायची का गुडघ्याला चोळायची?” पुढच्या वर्षी गव्हाची. प्रत्येकाच्या ग्लासाशी उभे राहून भाऊजी सांगत होते, आधी नाकात लवंग येईल, मग जिभेवर केळं. आमचे म्हातारे चुलतसासरे शांतपणे म्हणाले, “थंड हाय ना? मग झालं.” भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. आणखी एका वर्षी माळ्यावर बाटल्या फुटून जाऊबाईंचे वर्षभराचे पापड भिजले, तर भाऊजी खूश, प्रेशर काय छान धरलं होतं म्हणून.

यंदाची पोपटी त्या शेतातली शेवटची. शेत विकलं. पोरं लांब गेली, कसणार कोण? उन्हाळ्यात तिथे गोदामासाठी भराव पडेल. सह्या आम्ही सगळ्यांनीच केल्या. भाऊजींनी तर चष्मासुद्धा काढला नाही खिशातून; बोट दाखवतील तिथे सही केली आणि चहा प्यायले. बीअर मात्र ठरेना. सोमवारी गव्हाची, बुधवारी काळी, शुक्रवारी आपल्याच तांदळाची. बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या आणि शेंगा तिकडे निबर व्हायला लागलेल्या. शेवटी मीच फोन केला. म्हटलं, भाऊजी, आणखी आठवडा गेला तर मडक्यात शेंगांऐवजी खडे भरावे लागतील.

तिकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “वहिनी, एकदा ठरली की लावायला लागणार. लावली की तीन आठवड्यांत तयार. मग पोपटी. मग झालं.”

चष्मा न लावता केलेली ती सही डोळ्यांपुढे आली. मी विचारलं, “सगळ्यात जास्त मुरावी लागते अशी कोणती?”

“हाय एक तांबडी. वर्षभर ठेवावी लागते.”

“मग तीच लावा.”

पोपटी त्याच रविवारी झाली, ताकावर. मडकं फोडल्यावर नाकात काय येतंय ते भाऊजींनी कुणाला सांगितलं नाही. निघताना बांधाकडच्या वाळलेल्या शेंगा सोलून मूठभर वाल त्यांनी रुमालात बांधले आणि माझ्या हातात दिले.

पेणला आमच्या परसात जागा ती केवढी, चार वाफ्यांची. भातं निघतील त्या सुमारास ते वाल तिथे टोचीन म्हणते. एका मडक्यापुरत्या शेंगा आल्या तरी बास. बाटल्या रोह्याला माळ्यावर आहेत, पापडांपासून लांब.