जावेच्या ताटावर

मनात विष ठेवून केलेली पूजा देवीपर्यंत पोचते का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. कारण ते विष माझ्याच मनात होतं.

मी घरची थोरली सून. सासर पांढुर्ण्याचं, पण यजमान रामाकोन्याच्या शाळेत मास्तर, म्हणून आम्ही तिकडेच राहत होतो. ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट असेल. सासूबाईंचे गुडघे धरले, तेव्हा महालक्ष्म्यांचे मुखवटे त्यांनी माझ्या धाकट्या जावेच्या स्वाधीन केले. "थोरली दूर राहते, इथं कोण करंल?" एवढंच म्हणाल्या. बोलणं खरं होतं, पण माझ्या जिव्हारी लागलं. दर भाद्रपदात मी जाई, सोळा भाज्या चिरू लागे. शेजारणी जावेच्या पुरणाचं कौतुक करू लागल्या की मी पाण्याचं निमित्त करून पंगतीतून उठे. देवीपुढे हात जोडून मी काय मागत होते, हे सांगायलाही लाज वाटते. हिची आंबील एकदा तरी बिघडू दे, असं मागत होते.

एका वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सवाष्ण म्हणून मला बोलावलं होतं. मी मुद्दाम सकाळची गाडी सोडली. माझ्यावाचून पंगत खोळंबू दे, लोकांना कळू दे थोरली कोण आहे! दुपारची बस सौंसर सोडून थोडी पुढे गेली आणि थांबली. नाल्याला पूर, रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून पाणी. उतारू खाली उतरले. मी एका निंबाखाली उभी राहिले, आणि मनात आणलं तेच खरं होतंय हे पाहून पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

तेवढ्यात शेताकडून एक बाई लगबगीनं आली. माझ्या कपाळाकडे पाहून म्हणाली, "बाई, सवाशीण हाय ना तुमी? माह्या घरी महालक्ष्म्या बसल्या. एक सवाशीण कमी पडून राहिली. चाला ना जेवाले."

घर मातीचं, दोन खोल्यांचं. महालक्ष्म्यांपुढे पाच पाटांपैकी एकच रिकामा होता. तिनं माझे पाय धुतले. मी विचारलं, "हे ताट कोणाचं होतं?"

"माह्या मोठ्या जावेचं. येतो म्हणे, नाही आली. मनात काही असंल बिचारीच्या. तिच्या नावानं तुमीच जेवा."

त्या ताटावर मी कशी जेवले, मला ठाऊक. आंबिलीत डोळ्यांतलं पाणी पडत होतं, आणि ती बाई आग्रहानं वाढत होती.

पाणी ओसरलं. दिवेलागणीला पांढुर्ण्याला पोचले. पंगत उठली होती. जाऊ तेवढी उपाशी बसली होती, शेजारी माझं ताट झाकून ठेवलेलं. मी तिथेच सांगून टाकलं, "मी मुद्दाम उशिरा निघाली."

"मले माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "हात धुऊन या. मले भूक लागली."

लोक विचारतात, ती बाई कोण होती? ती शेतकरीण होती. पुढे मी तिच्याकडे कितीदा गेले. पण त्या दुपारी तिला रस्त्यावर कुणी पाठवलं, हे मी विचारत बसत नाही. मुखवटे आजही जावेकडेच आहेत. मत्सर अजूनही कधी फणा काढतो. मी तो लपवत नाही. आई, हाही तुझाच, असं म्हणून तो देवीच्या पायांशी ठेवते आणि भाजी चिरायला बसते.