पक्कडीची रिकामी जागा

मोटारसायकलवर लडाखला निघण्याआधी मी अवजारांची पिशवी महाळुंग्यातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. सकाळी कंपनीत फर्स्ट शिफ्ट, दुपारनंतर गॅरेज, असा त्याचा दिवस.

"राव, फिराया चाललाय का गॅरेज टाकाया?" म्हणत त्याने पिशवी फरशीवर ओतली. चार पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि पंक्चरचं सामान तेवढं ठेवलं. मग कंपनीतल्या बोर्डावर असतात तशा, अवजारं गुंडाळायच्या कापडावर प्रत्येक अवजाराच्या कडा मार्करने आखल्या, म्हणजे काही हरवलं की लगेच दिसावं. शेवटी माझी पक्कडही आखली, पण उचलून स्वतःच्या फळीवर ठेवली.

"भाऊ, मग ही जागा कशाला?"

"वाटंत कुणाची तरी मागायला लागंल. परत दिली का न्हाई, ते आल्यावर मला हितं दिसंल."

असलेली पक्कड काढून घ्यायची आणि मागायला लावायचं, हे कसलं डोकं?

पुढे साइड स्टँडची स्प्रिंग निसटली. एका ट्रकवाल्याने पक्कड दिली. मी वाकून स्प्रिंग बसवेपर्यंत ट्रक निघून गेला. विसरला की देऊनच गेला, कळत नाही.

ती पक्कड त्या जागेत अगदी बरोबर बसते. परत येऊन महिना झाला, मी महाळुंग्याचा रस्ता टाळतोय.