दत्तराव मिस्त्रींची उलटी जीप

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि समोरच्या गॅरेजचं शटर वर जायची वाट बघत राहिले. गेली कितीतरी वर्षं त्या आवाजावरच मी चहापत्ती टाकते. घड्याळ बघायची वेळ आली नाही. त्या दिवशी आधण आटत आलं तरी शटर वाजेना. मग सुशीलावहिनीच रस्ता ओलांडून येताना दिसल्या, अनवाणी. "बाई, हे उठूनच न्हाई राहिले," एवढंच म्हणाल्या. त्यांचे यजमान, दत्तराव मिस्त्री, झोपेतच गेले होते. आदल्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून वाद घालून गेलेला माणूस... आणि तो वादही अर्धाच टाकून गेला, याचा मला आधी राग आला. रडू नंतर आलं.

जवळा बाजार या आमच्या गावात बाजारतळाच्या मागं त्यांचं गॅरेज, समोर माझं घर. मी शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. दत्तराव सातवीनंतर शाळेत गेले नाहीत, पण इतके प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही. 'काहून?' म्हणजे का, हा त्यांचा लाडका शब्द. गाडी दुरुस्त झाली की गिऱ्हाईक खूश होऊन निघायचं, आणि हे त्याला अडवून विचारायचे, "पण बिघडली काहून?" लोक वैतागत. मीही वैतागले आहे.

त्यांची जीप सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. लष्कराच्या लिलावातली ती जुनी गाडी हट्टा गावच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागं पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. दत्तरावांनी ती ओढत आणली आणि दोन वर्षं खपून चालू केली. तिचं स्टिअरिंग डावीकडं. जो तो म्हणे, मिस्त्री, उजवीकडं घ्या की. त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी डावीकडं काहून केलं ते कळू द्या, मग हलवू." आणि एका दुपारी माझ्याकडं येऊन त्यांनी विचारलं, की कोणत्या देशात गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालतात. मी शाळेतला जगाचा जुना नकाशा काढला. डाव्या बाजूनं चालणारे देश लाल पेन्सिलीनं रंगवले, उजव्या बाजूनं चालणारे निळ्या. निळाच जास्त झाला. "काहून?" दत्तराव म्हणाले. एवढी वर्षं भूगोल शिकवून हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो नकाशा त्यांनी गॅरेजात टांगला, तो आजही तिथंच आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी रोहिणी माझी विद्यार्थिनी. ती डॉक्टर व्हायला किर्गिझस्तानला गेली. ते नाव गावात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे 'रशियाला गेली' म्हणत. दत्तराव मात्र नकाशावर बोट ठेवून नाव बराबर घ्यायचे. मागच्या पावसाळ्यात एकदा ती फोनवर सहज बोलून गेली, की तिकडं सध्या एकाच गोष्टीवर भांडण चालू आहे. रस्ते आपल्या उलट, गाड्या उजव्या बाजूनं जातात. पण गरिबाला परवडणाऱ्या जुन्या गाड्या जपानमधून येतात आणि त्यांचं स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडं. अशा जुन्या गाड्या आणण्यावर बंधन घाला असं काहीजण म्हणतात, काहीजण नको म्हणतात. तिला आणि तिच्या मैत्रिणींना रोज दवाखान्यात सोडणारा अस्कर नावाचा ड्रायव्हर त्यामुळं काळजीत आहे. त्याची गाडी तशीच, आणि ती बंद पडली तर दुसरी कुठून आणायची?

दत्तरावांनी यातलं एकच ऐकलं. "म्हणजे तू रोज उलट्या गाडीत बसून राहिली?" त्यांनी तिला सांगितलं, मी तपासून सांगतो, तोवर त्या गाडीत बसू नको. बिचारी दोन बस बदलून, उभ्यानं, पहाटेच्या थंडीत दवाखान्यात जाऊ लागली. बापाचा शब्द मोडायची तिला सवय नव्हती, आणि बापाला तपासल्याशिवाय बोलायची सवय नव्हती. यात लेकरू मात्र भरडलं.

तिकडच्या कायद्याचा वाद मग जवळा बाजारच्या गॅरेजात रंगला. कापसाचे व्यापारी म्हणाले, धोक्याची गाडी ती धोक्याची, बंदच पाहिजे. ऑटोवाल्यांनी त्यांना तिथंच धरलं, "तुमच्यापाशी नवी हाय. आमी काय पायी चालावं?" दत्तराव दोघांनाही चहा पाजत आणि कुणाचीच बाजू घेत नसत. रविवारी व्हिडिओ कॉलवर अस्कर यायचा. मधे रोहिणी दुभाषी. पण अर्ध्या वेळा तिची गरजच लागत नसे. दत्तराव इकडून प्लग दाखवत, तो तिकडून फिल्टर दाखवे, आणि दोघं माना डोलवत. अस्कर 'काहून' शिकला. दत्तरावांना वाटलं, माणूस चांगला आहे. पण प्रश्न माणसाचा नव्हता, स्टिअरिंगचा होता... असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही.

मग एके दिवशी ते माझ्या दारात आले. "बाई, आपल्यापाशी उलटी जीप हाय. अस्करला तिकडं जे दिसत न्हाई, ते मला इकडं दिसणार न्हाई. पण उजवीकडं खरं सांगणारं माणूस पाहिजे. गॅरेजातल्या गड्यांना विचारलं तर कवाबी 'चला' म्हणतात." सुशीलावहिनींना गाडीत भोवळ येते. त्या म्हणाल्या, "जा बाई तुमीच, मी घरून देवाचं नाव घेते."

असा माझा नवा जॉब सुरू झाला. पुढं ट्रक असला की डावीकडं बसलेल्या दत्तरावांना पलीकडचा रस्ता दिसत नसे. ते विचारत, "मोकळं हाय?" मी मान बाहेर काढून बघायची आणि सांगायची. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "उत्तरेकडून टेम्पो येतोय." ते हसून हसून गाडी बाजूला घेऊन थांबले. "बाई, दिशा नका सांगू. हाय का न्हाई तेवढं सांगा!" लोकांचीही करमणूक झाली. आपल्याकडं उजवीकडं बसतो तो ड्रायव्हर, त्यामुळं येणारा-जाणारा मलाच नमस्कार करी. एकदा मी पेपर उघडून बसले होते, तर माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकल जवळ आणून ओरडला, "बाई, पेपर नंतर वाचा, आधी गाडी चालवा!" उतरताना तर मी थेट रहदारीत पाय ठेवला आणि एका सायकलवाल्यानं माझा उद्धार केला. दत्तरावांनी तेही वहीत लिहून घेतलं, 'उतरायची बाजू, मोठी तकलीफ.' मला लागलं का, हे त्यानंतर विचारलं.

पुढच्या रविवारी त्यांनी हा सगळा प्रकार अस्करला फोनवर करून दाखवला. माझी मान बाहेर काढायची नक्कलही केली. "मोकळं हाय?" अस्करनं म्हणून बघितलं, पण ळ काही त्याला येईना. मी पडले शिक्षिका, मी त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. नाहीच आलं.

औंढ्याच्या रस्त्यावर आम्ही असे किती वेळा गेलो आलो कोण जाणे. माझ्या मते एवढं पुरे होतं. दसऱ्याला जीपला झेंडूचा हार घातला, पूजा झाली, तेव्हाही मी म्हणाले, आता पोरीला हो म्हणून टाका. आणि त्या शेवटच्या संध्याकाळी तर मी चिडलेच. "दत्तराव, तिकडं थंडी वाढली. पोरगी बसमध्ये लोंबकळते. तुमचं तपासणं संपायचं कधी?" ते शांतपणे म्हणाले, "उसाच्या ट्रॉल्या चालू होऊ द्या बाई. रुंद ट्रॉलीमागं एक बार पाहू. मग सांगतो." मी म्हणाले, तुम्हाला उत्तर नकोच आहे, तुम्हाला नुसता प्रश्न पाहिजे. हे माझं त्यांच्याशी शेवटचं वाक्य. चांगलं नव्हतं. उठताना ते हसले होते, एवढाच आधार.

रोहिणी तिसऱ्या दिवशी पोचली, राख सावडायच्या वेळेला. तेरवी झाल्यावर माझ्याकडं आली. आल्या आल्या तिनं विचारलं, "बाई, अप्पांनी काय ठरवलं होतं?"

मी 'हो' म्हणू शकले असते. शब्द जिभेवर आला होता. मला तेच हवं होतं, आणि तपासायला आता कुणी नव्हतं. पण ज्या माणसानं मला केवळ खरं सांगते म्हणून शेजारी बसवलं, त्याच्याच नावानं खोटं कसं बोलू? "त्यांचं ठरलं नव्हतं, बेटा," मी म्हणाले. ती रडेल असं वाटलं. ती उठली आणि जीपची चावी घेऊन आली. वाळलेला झेंडूचा हार तसाच बॉनेटवर होता. तो तिनं काढला नाही.

डावीकडं ती, उजवीकडं मी. गाडी तिला अप्पांनीच शिकवली होती, याच जीपवर. हंगाम नुकताच सुरू झालेला. गाव सोडलं तसा पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या, दोन्हीकडून ऊस बाहेर आलेला. म्हणजे दत्तरावांना पाहिजे होतं तेच. मी मान बाहेर काढली, बघितलं आणि म्हणाले, "मोकळं आहे." रोहिणीनं गाडी बाहेर काढली नाही. मी परत सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तुम्हाला वळणापलीकडचं दिसत नाहीये ना? मग राहू मागंच." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अप्पा किती वेळ राहायचे असे मागं?"

"कधी कधी पार औंढ्यापर्यंत," मी म्हणाले. आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की इतक्या फेऱ्यांत माझ्या नुसत्या शब्दावर त्यांनी गाडी एकदाही बाहेर काढली नव्हती. मी 'हाय' म्हटल्यावरही ते दोन श्वास थांबायचे, स्वतः जरासं डोकावायचे, मगच.

रोहिणी समोर बघत म्हणाली, "अस्करभाई पण राहतो. घाटात ट्रक लागला की गाणं म्हणत बसतो, मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवू दे. आम्ही पोरी वैतागतो त्याच्यावर. हे मी अप्पांना कधी सांगितलंच नाही बाई. त्यांनी गाडीचंच विचारलं."

सगळं विचारणाऱ्या माणसाचा 'चालवणारा थांबतो का?' एवढा एक प्रश्न राहून गेला होता, आणि मला शेजारी बसून तो सुचला नव्हता. त्या ट्रॉल्यांमागं आम्ही दोघी रडलो. पण ती गाडी बराबर चालवत होती. औंढा आला तशी म्हणाली, "मी बसणार त्याच्या गाडीत. पण पुढं, डावीकडं. त्याला दिसत नाही ते बघायला." तो त्यांचा निर्णय नाही, तिचा आहे. तिकडचा कायदा उद्या काय होईल तो होवो. दत्तराव त्यावरही 'काहून' म्हणाले असते.

गॅरेज आता बंदच आहे, पण शटर रोज सकाळी त्याच वेळेला वर जातं. सुशीलावहिनी करतात. आत जाऊन नकाशावरची धूळ पुसतात आणि परत ओढून घेतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमचा चहा आटंल म्हणून."

परवा दुपारी रोहिणीचा फोन आला. दवाखान्यातून परत निघाली होती, अस्करच्या गाडीत, पुढं. आईचं जेवण, माझे गुडघे, अशा चौकशा चालल्या होत्या, तोच तिच्या शेजारून एक जाडसर आवाज आला, "रोहिणी, मोकलं हाय?" फोनमध्ये वारा घोंघावला, तिनं मान बाहेर काढली होती. इथं ओट्यावर बसून माझीही मान आपोआप बाहेर झुकली.

"न्हाई," ती म्हणाली. "थांबा."

गाडी ट्रकच्या मागं हळूहळू चाललेली ऐकू येत होती. मी फोन तसाच कानाला धरून बसले. दत्तराव असते तर नुसत्या आवाजावरून त्यांनी गिअर सांगितला असता.